आउटबोर्ड मोटर खोकायला लागली तर: टाकीपासून पंख्यापर्यंत

नाशिकमधली आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, चालून कमी आणि पडून राहून जास्त बिघडते. कोकणातली मोटर रोज खाऱ्या पाण्यात राबते, तिचं दुखणं गंजाचं आणि झिजेचं. आपल्याकडची एक तर गंगापूर धरणावर सुट्टीच्या दिवशी फेऱ्या मारते, नाहीतर आठ-नऊ महिने शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपून असते. मग जुलै-ऑगस्टमध्ये धरणातून विसर्ग वाढतो, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं आणि सगळ्यांना एकदम तिची आठवण होते. त्या वेळी ती दोन खेचांत सुरू होते, दहा सेकंद भुरभुरते आणि खोकून बंद पडते.

मी मुळात शेतातले पंप आणि द्राक्षबागेची फवारणी यंत्रं दुरुस्त करणारा. त्या ओळखीतून एका बचाव पथकाच्या मोटरी हाताखाली आल्या. पथकातली मंडळी त्यांना 'ओबीएम' म्हणतात. बहुतेक टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाल्या, २५ ते ४० एचपीच्या. पुढचं सगळं प्रामुख्याने त्यांच्याबद्दल आहे.

पाना उचलण्याआधी

मोटर मिसिंग मारतेय, म्हणजे मध्येच ठोका चुकवतेय, असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो: कधी मारते? गार असताना की गरम झाल्यावर? आयडलला की रेस दिल्यावर? हळूहळू बिघडत गेली की काल चांगली होती आणि आज अशी? यावर निम्मं निदान होतं.

आयडलला अडखळते, पण रेस दिली की साफ धावते, तर बहुधा कार्बोरेटरचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, म्हणजे जेट, चोंदलंय किंवा कुठून तरी फालतू हवा आत शिरतेय. आयडलला छान, पण बोट उचलायची वेळ आली की दम टाकते, म्हणजे पेट्रोल पुरत नाही. दहा-पंधरा मिनिटं उत्तम चालून मग मरते आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते? टाकीचा हवेचा स्क्रू बघा. तो उघडा असेल तर प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या, पण गरम होऊन दगा देणाऱ्या कॉइलवर संशय घ्या. आवाज एकसारखा आहे पण सगळी बोट थरथरते, तर इंजिनाला हातच लावू नका, खाली पाण्यातला पंखा (प्रोपेलर) बघा.

आणखी एक. टिपाडात पाणी भरून त्यात मोटर चालवून बघायची आपल्याकडे पद्धत आहे. आयडलचा दोष टिपाडात दिसतो. लोडचा दोष मात्र तिथे कधीच दिसत नाही, तिथे ती गुणी पोरासारखी चालते. शिवाय टिपाडात धुराचे बुडबुडे पाण्यात मिसळतात, इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप हवा ओढू लागतो, आणि तोच धूर वरून इंजिनात परत गेला तर चांगली मोटरही अडखळते. म्हणून टिपाड उघड्यावर ठेवा, मोटर न्यूट्रलमध्येच चालवा आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त तपासणी असेल तर सरळ पाण्यावर जा. पाण्याशिवाय कोरडी तर एकदाही चालवू नका. पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, म्हणजे इम्पेलर, काही सेकंदांत जळायला लागतं.

टाकी आणि पेट्रोल

माझ्याकडे आलेल्या बहुतेक मोटरींचं दुखणं कार्बोरेटरच्या अलीकडेच सापडलंय. तरी प्रत्येक जण सगळ्यात आधी कार्बोरेटर खोलतो. तो मोह आवरा.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल आहे ना ते बघा. वाहतुकीत तो घट्ट करतात आणि मग विसरतात. हवा आत गेली नाही की पेट्रोल बाहेर येत नाही, टाकी आतल्या आत आवळली जाते.

मग पेट्रोल. पारदर्शक काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल काढा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते पेट्रोल वापरायचं नाही, ढवळून तर मुळीच नाही. आता पंपांवर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं, ई२०. बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा मर्यादेबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि मोटरची नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच. टू-स्ट्रोकमध्ये यात आणखी एक घात आहे. मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, तळाच्या थरात ते जवळपास नसतंच. म्हणजे मोटर नुसती अडखळत नाही, बिनतेलाची फिरते. पिस्टन धरला तर बऱ्याचदा कारण हेच.

ई२० सहसा टाळता येत नाही, पण पडून राहणं टाळता येतं. टाकीत जेमतेम महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा आणि डब्यावर मार्करने तारीख लिहा. अर्धी टाकी भरून पावसाळाभर ठेवण्यापेक्षा रिकामी टाकी आणि पाच लिटरचा ताजा डबा बरा.

ऑइलचं प्रमाण मॅन्युअलप्रमाणे. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, नव्या इंजिनाच्या रनिंग-इनसाठी २५:१ सांगितलं असेल तर ४० मिली. 'थोडं जास्तच टाक, इंजिन खूश राहील' हा सल्ला देणाऱ्याला प्लग साफ करायला बसवा. आणि पेट्रोल पंपावर मिळणारं स्कूटरचं टू-टी (2T) ऑइल यात घालू नका. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, राख न सोडणारं ऑइल लागतं. ही इंजिनं पाण्याने थंड होतात, हवेने नाही. स्कूटरच्या ऑइलने प्लग आणि पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचे पापुद्रे धरतात. नाशिकमध्ये टीसी-डब्ल्यू३ सहजासहजी मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागतं, म्हणून लोक टाळतात. एकदाच चार डबे मागवून ठेवा.

फुगा आणि होज

टाकी आणि मोटरच्या मध्ये होजवर जो रबरी बल्ब असतो, ज्याला आम्ही फुगा म्हणतो, तो तुमचा सर्वात स्वस्त डॉक्टर आहे. त्यावरचा बाण मोटरच्या दिशेने हवा. मोटरकडचं टोक वर धरून दाबत जा. सात-आठ दाबांत तो कडक झाला पाहिजे.

कडक होतच नाही? कुठून तरी हवा घेतोय, किंवा त्याच्या आतली झडप गेलीय, किंवा कार्बोरेटर भरला की पेट्रोल बंद करणारी फ्लोटची सुई बसत नाही आणि पेट्रोल ओसंडतंय. जोडाच्या कनेक्टरमधली ओ-रिंग बघा, ती कडक होऊन चपटी झालेली असते. मोटर चालू असताना फुगा आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर टाकीच्या बाजूला अडथळा आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी किंवा टाकी आणि फुग्यामधला होज.

आता खरी परीक्षा. मोटर लोडवर दम टाकायला लागली की दुसऱ्या माणसाला फुगा दाबायला सांगा. दाबल्याबरोबर ती सावरली, तर दोष पेट्रोल पोहोचवण्यात आहे, स्पार्कमध्ये नाही. याच परीक्षेने मला एकदा चांगलंच फसवलं.

जुलैचे दिवस होते, गंगापूरवर सराव चालू होता. ४० एचपीची मोटर आयडलला मांजरासारखी गुरगुरायची आणि अर्ध्या रेसच्या वर गेली की गचके द्यायची. फुगा दाबला की लगेच सावरायची. मी म्हटलं, फ्युएल पंप गेला. त्यातला पडदा, म्हणजे डायफ्राम, बदलला. फरक नाही. दुसरा बदलला, तरी नाही. काठावर एक मच्छीमार काका बसले होते, सकाळपासून माझी गंमत बघत. ते म्हणाले, ''अरे बाबा, ती नळी कापून तर बघ.''

होज बाहेरून नवा दिसत होता, मऊ होता, कुठे चीर नाही. फुग्याच्या पुढे, मोटरच्या बाजूला, कनेक्टरपासून वीतभर अंतरावर ब्लेडने आडवा कापला. आतलं पातळ काळं अस्तर सुटून एका बाजूला पापडासारखं लोंबत होतं. पंप ओढायचा तेव्हा ते आतल्या आत मिटायचं. फुग्याने ढकललं की उघडायचं. म्हणून फुगा दाबल्यावर मोटर सावरत होती आणि मी पंपाला दोष देत होतो. दोन दिवस आणि दोन डायफ्राम त्या हातभर नळीपायी गेले. तेव्हापासून फुगा दाबून मोटर सावरली की मी पंपाआधी होज बदलतो. इथेनॉल चालणारा होज घ्या, त्यावर तसं छापलेलं असतं. साधी गार्डन पाइप किंवा पारदर्शक लेव्हल पाइप लावली तर ती महिन्यात कडक होऊन तडकते.

मोटरवरचा छोटा फिल्टर कप सोडवून बघा. तळाला पाण्याचे मणी लोळत असतील तर वरच्या बाटलीची परीक्षा पुन्हा करा.

स्पार्क

प्लग काढताना कोणता कोणत्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवा, कागदावर त्याच क्रमाने मांडा. फिकट तपकिरी चेहरा निरोगी. काळा आणि ओला तेलकट म्हणजे ऑइल जास्त, चोक अडकलेला किंवा त्या सिलिंडरला स्पार्कच नाही. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन जास्त तापतंय. हा पांढरा प्लग दिसला की कारण सापडेपर्यंत मोटर पुन्हा चालवू नका, बाकी दुरुस्ती नंतर. एक प्लग कोरडा आणि बाकीचे ओले असतील, तर त्या एका सिलिंडरला पेट्रोल जात नाही.

प्लग महाग नाहीत, शंका असेल तर नवेच लावा. गॅप मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच, फीलर गेजने मोजून. आमच्याकडे काही जण चाकूच्या टोकाने गॅप बसवतात आणि मग दिवसभर मोटरला शिव्या देतात.

नव्या प्लगनेही एक सिलिंडर झोपला, तर कॉइलची अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर वायरिंग, सीडीआय (ठिणगी सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) किंवा कार्बोरेटर. स्पार्क बघायला दहा-वीस रुपयांचा जुगाड करू नका, स्पार्क टेस्टर विकत घ्या. प्लग बाहेर असताना दोरी खेचली की भोकांतून पेट्रोलचे तुषार बाहेर येतात, आणि शेजारी उघडी ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. मोटर चालू असताना प्लगची कॅप उपटून 'कोणता सिलिंडर काम करत नाही' हे बघण्याची जुनी सवयही सोडा. हाताला झटका तर बसतोच, सीडीआय युनिटही उडू शकतं आणि ते स्वस्त नाही.

किल स्विचची, म्हणजे चालवणारा पडला तर मोटर बंद करणाऱ्या स्विचची, लाल दोरीची क्लिप हलवून बघा. आत पाणी किंवा गंज असेल तर स्विच धक्क्यागणिक क्षणभर जोडला जातो, स्पार्क तुटतो आणि लाटेवर मोटर मिसिंग मारल्यासारखी वागते. मल्टिमीटरची दोन टोकं लावून क्लिप हलवली की लगेच कळतं.

कॉम्प्रेशन, आणि नाशिकची उंची

कार्बोरेटर खोलण्याआधी हे एकदा कराच, म्हणजे मेलेल्या इंजिनावर दिवस वाया जाणार नाही. मोटर थोडी गरम करा, सगळे प्लग काढा, किल दोरी काढून ठेवा, प्लगच्या वायर अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा. गेज लावा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत खेचत राहा. प्रत्येक सिलिंडरला तेवढ्याच खेचा.

पुस्तकातल्या आकड्याला जसाच्या तसा धरू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहे, इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के कमी. त्यामुळे निरोगी इंजिनही थोडा कमी आकडा दाखवतं. बघायचं ते सिलिंडरांमधलं अंतर. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, १५ च्या पुढे गेलं तर रिंग, पिस्टन किंवा हेड गॅस्केट. हे काम काठावरचं नाही, वर्कशॉपचं.

याच उंचीमुळे मोटर कंपनीच्या आकड्याइतकी ओढणार नाही. ही खराबी नाही, सवय करून घ्या. पूर्ण रेसला आरपीएम मॅन्युअलच्या पट्ट्यात पोचतच नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत बोट कमी ढकलणारा, पंखा लावून बघा. जेट बदलण्याच्या नादी लागू नका.

कार्बोरेटर

इथवर काही सापडलं नाही, किंवा दोष आयडलचाच आहे, तरच खोला. खोलायच्या आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. खाली मोठा पांढरा ट्रे ठेवा, काळ्या ताडपत्रीवर पडलेली सुई सापडत नाही.

पहिल्यांदा फक्त फ्लोट बाऊलच्या तळाचा स्क्रू सोडवून आतलं पेट्रोल बाटलीत घ्या. हिरवट, चिकट, वार्निशचा वास येत असेल तर मोटर पडून राहिल्याचा पुरावा मिळाला. पाण्याचे थेंब दिसले तर टाकीकडे परत जा, नाहीतर साफ केलेला कार्बोरेटर आठवड्यात पुन्हा भरेल.

मग बाऊल, फ्लोट, सुई, मेन जेट, आयडल जेट या क्रमाने. आयडलच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने बसेपर्यंत आत फिरवा आणि किती फेऱ्या झाल्या ते मोजून लिहा. बहुतेक मोटरींत १ ते २ फेऱ्यांच्या दरम्यान असतो, पण तुमच्या मोटरीचा आकडा तुमच्याच मोटरीकडून घ्या. दाबून बसवू नका, टोकाला वळी पडते आणि मग आयडल जन्मभर बसत नाही.

जेटमध्ये तार घालू नका. जेटचं भोक केसाएवढं असतं, स्टीलची तार ते हळूच मोठं करते. कार्ब क्लीनरचा फवारा मारा, डोळ्यांवर चष्मा घालून, कारण फवारा एका भोकातून शिरून दुसऱ्यातून थेट चेहऱ्यावर येतो. थोडा वेळ भिजू द्या, मग कॉम्प्रेसरची हवा. जेट आकाशाकडे धरून आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर पुन्हा भिजवा. बॉडीतल्या आतल्या वाटाही फुंका, आयडलची घाण जेटपेक्षा तिथेच जास्त असते. रबरी भाग आणि डायफ्राम क्लीनरमध्ये बुडवू नका, ते फुगतात. गॅस्केट नवी घाला.

दोन-तीन कार्बोरेटर असतील तर त्यांच्या झडपा एकाच क्षणी उघडतात का ते बघा. एक जरा उशिरा उघडला तर आयडल चांगला आणि रेस घेताना धक्का, असं विचित्र दुखणं येतं.

बसवून झाल्यावर मोटर आयडलला ठेवून जोडांवर साबणाचं पाणी बारीक फवारा. कुठे आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. पेट्रोल किंवा क्लीनर फवारून हे करणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातल्या एकाच्या भुवयाही.

पाणी, आणि पंखा

मोटरच्या मागून येणारी बारीक धार सतत हवी. धार कमजोर असेल तर पाणी घेण्याची जाळी बघा. गोदावरीत पाणवेली, प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, पुराच्या पाण्यात गाळ, सगळं तिथे येऊन चिकटतं. इम्पेलर पडून राहिला की त्याची पाती एकाच बाजूला वाकून तशीच राहतात, म्हणून न वापरलेल्या मोटरीतही तो वेळेवर बदलावा लागतो. कित्येक मोटरी तापल्या की आपणहून आरपीएम कमी करतात. चालवणाऱ्याला वाटतं मिसिंग आहे.

पंखा काढा. शाफ्टला गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन धागा आम्हाला जवळपास दरवर्षी सापडतो. तो ऑइल सील कापतो. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सोडवा. ऑइल दुधाळ, चहासारखं आलं तर पाणी आत गेलंय. पंख्याच्या आतला रबरी हब घसरत असेल तर इंजिन जोरात गरजतं आणि बोट जागची हलत नाही. आतल्या-बाहेरच्या भागावर पक्क्या मार्करने एक सरळ रेघ मारा, फेरी मारून या. रेघ तुटली असेल तर हब गेला.

फोर-स्ट्रोक इंजेक्शनवाली मोटर असेल तर टाकी, फुगा, होज, प्लग, पाणी हे सगळं असंच. त्यापुढे व्हॉल्व्ह क्लिअरन्स, इंजेक्टर आणि आतल्या छोट्या टाकीचा फिल्टर येतो, आणि बॅटरी कमजोर असली तरी ही मोटर अडखळते, म्हणून आधी व्होल्ट मोजा. पुढचं काम स्कॅनरवाल्याचं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पाण्यावर चाचणी घ्या. तीन गोष्टी एकदम बदलून मोटर बरी झाली तर पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला काहीच माहीत नसतं. आणि काढलेलं पेट्रोल, ऑइल, क्लीनर काठावर ओतू नका. गंगापूरचं पाणी शहर पितं. मी जुना पाच लिटरचा कॅन बोटीतच ठेवतो.

पावसाळा संपल्यावर मोटर धुऊन, स्वच्छ पाण्यावर चालवून, होज सोडवा आणि बाऊलच्या तळाच्या स्क्रूने प्रत्येक कार्बोरेटर रिकामा करा. नुसता होज काढून ती आपोआप बंद होईपर्यंत चालवणं मला पटत नाही, तळाला थोडं पेट्रोल राहतंच आणि शेवटचे काही फेरे इंजिन कमी तेलावर फिरतं. मोटर उभी ठेवा, आडवी नाही. महिन्यातून एकदा ताज्या पेट्रोलवर पाच मिनिटं टिपाडात.

मोटरच्या टोपणाच्या आतल्या बाजूला मी पक्क्या मार्करने लिहून ठेवतो, कागद हरवतो. त्या ४० एचपीवर शेवटची ओळ अशी आहे: होज नवा, प्लग नवे, स्क्रू दीड फेरा, पूर्ण रेसला ५३००, इम्पेलर पुढच्या मे महिन्यात.